पृथ्वीने पाडलेली खुंटी

त्या रविवारी आमच्याकडे गजर वाजायच्या आधी मुंगी वाजली. मुंगी म्हणजे माझी लेक. पहिलीत आहे, अंगाने एवढीशी आणि दिवसभर पायाला उसंत नाही, म्हणून मुंगी. अंगात झोपायचे कपडे आणि पायात बूट अशा अवतारात ती आमच्या उशाशी उभी राहून विज्ञान संग्रहालय किती वाजता उघडतं ते विचारत होती. नवऱ्याने पांघरुणाच्या आतूनच सांगितलं की ते अजून बांधून व्हायचंय. असल्या विनोदांना ती हल्ली भीक घालत नाही. ती तडक आजोबांच्या खोलीत गेली आणि त्यांचं पांघरूण ओढून मोकळी झाली.

बूट तिने मुद्दाम आधी चढवले होते आणि नाड्यांना गाठीवर गाठ मारली होती. त्यामागे इतिहास होता. मागच्या महिन्यात शाळेची सहल याच संग्रहालयात गेली होती. तिथे मधल्या दालनात एक लंबक आहे. उंच घुमटातून लांबलचक तार सोडलेली, तिच्या टोकाला पितळेचा जड गोळा, आणि खाली जमिनीवर लाकडी खुंट्यांचं गोल रिंगण. गोळा मागे-पुढे झुलत राहतो. तो आपली दिशा सोडत नाही, पण त्याच्याखालची पृथ्वी फिरत असते, म्हणून एकेक खुंटी हळूहळू त्याच्या वाटेत येते आणि पडते. सगळा वर्ग श्वास रोखून उभा होता आणि नेमकी मुंगीच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधायला खाली वाकली आणि खुंटी पडली. सगळ्या वर्गाने आरडाओरडा केला. मुंगीने पाहिला तो फक्त स्वतःचा बूट.

त्या दिवसापासून ती वर्गातली ‘न पाहिलेली’ झाली. मधल्या सुट्टीत कुणी त्या खुंटीची नक्कल करून जमिनीवर धपकन पडलं की बाकीचे हसायचे आणि हिला विचारायचे, तुला काय कळणार? ही रोज घरी येऊन दप्तर भिरकावायची. लहान मुलांच्या जगात ही काही थोडीथोडकी बेअब्रू नव्हे. शेवटी एकदा जेवताना तिने जाहीर केलं की ती खुंटी पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती शाळेत लंबक हा शब्द कुणाला काढू देणार नाही. म्हणून हा रविवार.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर गवंडीकाम केलं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, काम सुटलं, आणि तेव्हापासून ते खोलीतल्या खुर्चीत बसून असतात. काही विचारलं तर ‘ठीक आहे’, नाही विचारलं तरी ठीकच. आम्ही टीव्ही आणून ठेवला, तर त्यांनी तो बंद असतानाही तितक्याच लक्षपूर्वक बघायला सुरुवात केली. एक सवय मात्र शाबूत होती. टांगलेली कुठलीही वस्तू हलताना त्यांना बघवत नाही. स्वयंपाकघरातला दिवा, खुंटाळ्यावरची किल्ली, पडद्याची दोरी, जे हलेल त्याला जाता-येता दोन बोटं लावून ते गप्प करतात. गवंड्याचं सगळं इमान ओळंब्यावर असतं. दोरीला बांधलेलं साधं वजन, पण भिंत सरळ की वाकडी ते तोच सांगतो, आणि तेही स्थिर असला तरच. वाऱ्याने हलला की आधी त्याला शांत करायचं, मग विटेला हात लावायचा. आमच्या घरात हलायची परवानगी एकट्या मुंगीला आहे, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते.

मुंगीने दोऱ्याला चमचा बांधून त्यांना लंबक समजावून सांगितला होता. आबांनी ऐकून घेतलं, चमचा थांबवला आणि म्हणाले की हा ओळंबाच आहे, आणि झुलत असेल तर कुणीतरी तो नीट सोडलेला नाही. आपल्याला त्यातलं काही कळत नाही, तुम्ही तिघं जाऊन या, असंही म्हणाले. पण मुंगीला जास्तीत जास्त डोळे हवे होते. आई सारखी बोलत असते आणि बाबा फोनमध्ये असतो, असा तिचा हिशेब होता.

"तुम्ही कुठेच बघत नसता ना आबा," ती म्हणाली, "मग तिकडे बघा."

मी तिला डोळे वटारले. आबा मात्र उठले आणि चप्पल शोधायला लागले.

बसमध्ये मुंगी एक मिनिट बसली नाही. संग्रहालयाची काचेची इमारत वळणावरून दिसली तेव्हा तिने ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आमचा स्टॉप आला, आणि स्टॉप अजून लांब होता. दार उघडायच्या आधीच रांगेत आमचा नंबर पहिला होता. आत शिरल्यावर एका बाजूला प्रचंड देवमाशाचा सांगाडा, दुसरीकडे वीज कडाडून दाखवणारी खोली, पुढे वाकड्या-तिकड्या आरशांचा बोळ. माझा जीव सगळीकडे ओढ घेत होता. मी कपड्यांच्या कारखान्यात कटिंग टेबलावर असते. दिवसभर कापड सोडून दुसरं काही दिसत नाही, त्यामुळे मला तर तिथला आगीचा बंबही बघावासा वाटत होता. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. भिंगांचं दालन दिसताच त्याचे पाय तिकडे वळले. मुंगीने त्याचा शर्ट मागून धरला आणि त्याला वळवून आणला. आम्ही विज्ञानाची अख्खी प्रगती पळत पळत ओलांडली.

आणि मग तो लंबक. खरं सांगते, मी चमच्यावरून जी कल्पना केली होती ती पार मोडीत निघाली. मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी तारेचं टोक दिसत नव्हतं. कलिंगडाएवढा गोळा आवाज न करता इकडून तिकडे जात होता, कसलीच घाई नसल्यासारखा. रिंगणाभोवती कमरेएवढा कठडा होता. रात्रभरात अर्ध्याअधिक खुंट्या आडव्या पडलेल्या होत्या, आणि पुढच्या उभ्या खुंटीत आणि गोळ्यात बोटभर अंतर उरलं होतं. मुंगीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. तिने सगळ्यांना जागा नेमून दिल्या. स्वतः मध्ये, मी डावीकडे, बाबा उजवीकडे, आणि आबा उंच म्हणून अगदी खुंटीच्या समोर. नवऱ्याने धंद्यातलं गुपित सांगितलं की दोन्ही पापण्या एकदम लववायच्या नाहीत, आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. मग आम्ही तिघंही आळीपाळीने डोळे मारत उभे राहिलो. समोरच्या एक बाई माझ्या नवऱ्याकडे रागाने बघायला लागल्या.

अंतर कमी होत गेलं. गर्दी वाढली. गोळा यायचा, खुंटीच्या अंगाला वारा घालून परत जायचा, आणि सगळे एकदम श्वास सोडायचे. मुंगी कठड्यावर हनुवटी टेकून दगड झाली होती. पुढच्या फेरीला पडणार हे आता सगळ्यांना कळलं होतं. गोळा आला, झोक्याच्या टोकाला जिथे तो क्षणभर थांबतो तिथे पोचला, आणि कठड्यावरून एक हात पुढे गेला. आधी दोन बोटं, मग तळवा. गोळा थांबला.

आबांनी लंबक थांबवला होता. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की वर्षभरात मी तसं पाहिलं नव्हतं. ‘हां, आता बरोबर,’ असं काहीतरी ते पुटपुटलेसुद्धा. मग मुंगी किंचाळली. आबा दचकले, हात सुटला, आणि गोळा भलत्याच दिशेला निघाला. सरळ जायचं सोडून तो लंबगोल गिरक्या घ्यायला लागला आणि पलीकडच्या खुंट्या त्याने टपाटप पाडल्या. कुणी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने प्रसंगावधान राखून लेकीला उचललं आणि म्हणाला, बघ, एक मागितलीस तर चार पडल्या.

"त्या आबांनी पाडल्या," मुंगी म्हणाली. "मला पृथ्वीने पाडलेली बघायची होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर जपलेला दिवस, आणि घरात दिवे थांबवतात तसा तो यांनी थांबवला. मी वळून काहीतरी तोडून बोलणार होते, तेवढ्यात आबांकडे लक्ष गेलं. ते आपल्याच हाताकडे बघत होते, जणू तो शेजाऱ्याचा आहे.

कमरेला हत्यारांचा पट्टा लावलेल्या एक बाई गर्दीतून वाट काढत आल्या. लंबकाची देखभाल त्यांच्याकडे होती. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारल्यावर अख्ख्या गर्दीने आबांकडे बोट दाखवलं. त्या बाबतीत लोकांची एकजूट वाखाणण्यासारखी असते. आबांनी सांगितलं की ते गवंडी आहेत, ओळंबा हलताना दिसला की हात आपोआप जातो, चूक झाली. लंबकवाल्या बाईंनी कपाळावर हात मारला. लोकांनी आजवर या गोळ्यावर टोप्या फेकल्या, बाटल्या फेकल्या, पण कुणी त्याला इतक्या मायेने थांबवलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. आता तो पुन्हा सुरू करायचं म्हणजे व्याप होता. ते काम दारं उघडायच्या आधी, दालन रिकामं असताना करतात. म्हणजे उद्या सकाळी.

मुंगीने डोळे पुसले आणि मघापासून तिला पोखरणारा प्रश्न एकदाचा विचारला.

"आता पृथ्वी थांबली का?"

बाई खाली बसल्या, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. नाही, पृथ्वीला कळलंसुद्धा नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. मग त्यांनी विचारलं की एवढ्या खुंट्या पडल्या तरी तू रडतेस का, आणि मुंगीने पुन्हा तेच सांगितलं, आबांनी पाडलेल्या मोजायच्या नाहीत. बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग उठून सिक्युरिटीवाल्याला हाक मारली आणि दालनाची दारं लावून घ्यायला सांगितली.

पुढचा तास आयुष्यात विसरणार नाही. आधी गोळा पूर्ण शांत व्हायची वाट पाहिली. मग बाईंनी त्याच्या कमरेभोवती जाड सुती दोरा गुंडाळला, गोळा बाजूला ओढून घेतला आणि दोऱ्याचं टोक कठड्याच्या कडीला बांधलं. हाताने ढकललं तर हात थोडा तरी तिरका जातोच, म्हणून लंबक ढकलायचा नसतो, दोरा जाळून सोडायचा असतो. जागेवरून कुणी हलायचं नाही, असा हुकूम झाला. दोऱ्यातली थरथर विझेपर्यंत आम्ही सगळे पुतळे होऊन उभे. माझ्या मागे एक गृहस्थ बायकोला कुजबुजून सांगत होते की हा कार्यक्रम दर रविवारी या वेळेला असतो. बाईंनी लायटर पेटवून दोऱ्याखाली धरला. दोरा काळा झाला, धुराची एक रेघ निघाली, आणि गोळा अलगद सुटला. काय तो गेला म्हणून सांगू! सुतासारखा सरळ. मुंगीच्या तोंडाचा चंबू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला.

खुंट्या पुन्हा उभ्या करताना बाईंनी मुंगीला हळूच विचारलं की एक खुंटी जरा जवळ सरकवू का, म्हणजे लवकर पडेल. मुंगीने नकारार्थी मान हलवली. तसं केलं तर ती तुम्ही पाडल्यासारखी होईल, ती म्हणाली. ही ताठ मान कुणाकडून आली ते मला ठाऊक होतं. अर्ध्या विटेने भिंत वाकडी गेली म्हणून आबांनी ती उतरवून पुन्हा बांधल्याचे किस्से मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे.

मग दारं उघडली आणि सुरू झालं वाट बघणं. नवरा आळीपाळीने आम्हाला बाहेर खायला पाठवत होता. मुंगी हलली नाही, तिला केळं जागेवर भरवलं. आबा मात्र लांब, भिंतीला टेकून, दोन्ही हात खिशात कोंबून उभे होते. गोळा डावीकडे गेला की त्यांची मान डावीकडे, उजवीकडे आला की उजवीकडे. मुंगी त्यांच्याकडे बघतही नव्हती. दुपार उतरली, गर्दी पांगली, अंतर पुन्हा बोटभरावर आलं. शेजारच्या दालनांमधले दिवे बंद व्हायला लागले आणि संग्रहालय बंद होत असल्याचं कुणीतरी माइकवर गोड आवाजात सांगितलं. तेव्हा आबा भिंत सोडून आमच्यापाशी आले.

"मुंगे," ते म्हणाले, "माझा माझ्या हातावर भरवसा नाही. तू धरतेस का?"

मुंगीने क्षणभर विचार केला. राग होता, पण कामही महत्त्वाचं होतं. तिने त्यांचा एक हात दोन्ही हातांनी धरला आणि दुसरा मला धरायला सांगितला. इतक्या वर्षांत मी सासऱ्यांचा हात कधी धरला नव्हता. खरबरीत, जड, आणि गरम. गोळा आमच्याकडे आला की तो हात पुढे ओढ घ्यायचा. मला पाय रोवून उभं राहावं लागत होतं. आबांचा चेहरा घामाने डबडबला होता. त्यांना काय कष्ट पडत होते ते मला त्या पंजातून सरळ कळत होतं, आणि माझा मघाचा राग कुठल्या कुठे गेला.

गोळ्याने खुंटीला स्पर्श केला. खुंटी डुगडुगली आणि उभी राहिली. पुढच्या फेरीला पुन्हा डुगडुगली. पुन्हा उभी. नवरा पापण्यांचं शास्त्र विसरून डोळे फाडून बघत होता. लंबकवाल्या बाई कठड्यावर ओणवल्या होत्या. माझ्या हातातला आबांचा हात एकाएकी सैल पडला आणि मला बरं वाटलं. जमलं यांना, मी मनात म्हटलं. गोळा आला. खुंटी कलली, किंचित थांबली, आणि टक्क करून आडवी झाली.

मुंगीच्या तोंडून जो आवाज निघाला तो बहुतेक घुमटावरच्या कबुतरांनीही ऐकला असेल. ती नाचत होती, नवरा नाचत होता, मी काय करत होते ते मला आठवत नाही, पण घसा दुसऱ्या दिवशी बसलेला होता. पाहिली, मी पाहिली, पृथ्वीने पाडली, असं ती बाईंना, सिक्युरिटीवाल्याला, लांबच्या देवमाशाला सांगत सुटली. मग धावत आली आणि आबांच्या हाताला लोंबकळली.

"आबा, पाहिलीत ना?"

आबा ताठ उभे होते. डोळे घट्ट मिटलेले.

"पडली का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही डोळे मिटले?"

"उघडे ठेवले असते तर हाताने ऐकलं नसतं," आबा म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी आडव्या खुंटीकडे पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला. "तू पाहिलीस ना? मग झालं."

मुंगीचं नाचणं थांबलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. सगळ्यांनी पाहिलं आणि आपलंच राहिलं म्हणजे काय होतं, हे त्या दालनात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा पिशवी उचलून चला, बस चुकेल, म्हणत होता. सिक्युरिटीवाला किल्ल्या घेऊन दारात उभा होता. मुंगी त्याच्यापाशी गेली.

"आत्ता नाही निघता येणार," तिने त्याला समजावून सांगितलं. "आमच्या आबांची राहिली."

त्याने लंबकवाल्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि मग त्या कमरेचा पट्टा सोडून कठड्यावर टेकल्या. आपल्याला अजून आवराआवर करायची आहे, असं त्या म्हणाल्या. आवरण्यासारखं तिथे काहीही नव्हतं. सिक्युरिटीवाल्याने सुस्कारा सोडून खुर्ची ओढून घेतली.

मुंगीने आबांना धरून स्वतःच्या जागी, अगदी मधोमध उभं केलं. पुढची खुंटी कुठली ते बोटाने दाखवलं. आबांनी वाकून नीट पाहून घेतलं आणि विचारलं की मग जमीन कुठल्या बाजूने सरकतेय. वर्षभरात त्यांनी कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. तिने सांगितलं. त्यांनी पायाखाली पाहिलं, वर घुमटाकडे पाहिलं, आणि म्हणाले की म्हणजे मी बांधलेल्या सगळ्या भिंती फिरताहेत म्हण की.

"हो," मुंगी म्हणाली. "पण सरळच आहेत. आता डोळे मिटायचे नाहीत. हात आम्ही धरलेत."

तिने एक हात धरला, मी दुसरा. दालनात आता आम्ही तेवढेच होतो. गोळा पलीकडच्या टोकाला गेला, वळला, आमच्या दिशेने यायला लागला, आणि माझ्या मुठीतला आबांचा हात जोरात पुढे ओढला गेला. म्हणजे डोळे उघडे होते.